पट्टीचं सुतक

"घाई हाय का?"

दुकानात पाऊल टाकलं की मामा हा एकच प्रश्न विचारायचे, तोही मान वर न करता. गाडी कुठली, काय मोडलंय, कुणी पाठवलं, यातलं काही नाही. आणि तुम्ही भाबडेपणाने 'हो' म्हणालात की विषय संपला. "मग दुसरीकडं जावा की मालक. सोलापुरात गॅरेजं काय कमी हायत?" एवढं बोलून ते पुन्हा हातातल्या पट्टीकडे वळायचे. तुम्ही उभे आहात की गेलात, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसायचं.

मी पहिल्या खेपेला खरं बोललो आणि हाकललो गेलो. माझा धंदा वरातीला गाडी देण्याचा. गाडी वडिलांची, अँबॅसिडरच्याही आधीच्या जमान्यातली, विलायती. नाव सांगत नाही. ज्यांच्या वराती तिच्यातून निघाल्या ते ओळखतील आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. तिच्या दोन्ही अंगांना निकेलच्या लांब पट्ट्या, काचांभोवती पट्ट्या, पुढे नाकावर अक्षरांचा मोनोग्राम. गाडीची सगळी ऐट त्या पट्ट्यांत, आणि लग्नघरच्या माणसांचं वैरही नेमकं त्यांच्याशीच. फुलवाला येतो, पट्टीच्या फटीत सुतळी ओवतो आणि झेंडूच्या माळा आवळून बांधतो. वरात संपली की नवऱ्याचा कुणीतरी उत्साही मेहुणा माळ एका हिसक्यात ओढतो आणि माळेबरोबर पट्टीही त्याच्या हातात येते. मग तो ती माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "सैल होती वाटतं."

अशीच एक पट्टी घेऊन मी गेलो होतो. "परवा वरात आहे मामा, तेवढी बसवून द्या." त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. ती वरात मी उजव्या बाजूला झेंडू जास्त लावून भागवली. पुढच्या वेळी शहाणा होऊन गेलो आणि म्हणालो, "घाई नाही." तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चष्मा कानामागे नाडीने बांधलेला, अंगात बनियन, आणि चेहऱ्यावर एखाद्या परीक्षकाचा भाव. "बसा की मग," ते म्हणाले.

दुकान म्हणजे पूर्व भागातल्या एका बोळाच्या तोंडाशी पत्र्याची शेड. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि दोन्हीच्या मध्ये पाण्याचं निळं पिंप. चारी बाजूंना यंत्रमाग. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं ओरडून बोलतात, आणि मामांचीही उमेदीची वर्षं मागावरच गेली होती; पण ते इतकं हळू बोलायचे की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. मला वाटतं, ग्राहकाने वाकावं म्हणूनच तसं बोलायचे. तेवढा खवचटपणा त्यांच्यात होता.

जुन्या गाडीची पट्टी हा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. पत्रा पातळ, आतून छोट्या क्लिपांनी धरलेला, आणि त्या क्लिपा गंजून बॉडीला चिकटलेल्या. साधा मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर घालतो आणि टोकाकडून उचकटतो. पट्टीला मधेच मोड बसतो आणि तो मोड कितीही ठोकलात तरी उन्हात दिसतोच. नवीन पट्टी या जन्मात मिळत नाही. मोनोग्राम तर त्याहून अवघड. त्या ओतीव धातूचं आतून पीठ झालेलं असतं. आपल्याकडच्या कडक भाकरीसारखं, बोट लागेल तिथे तुकडा पडतो.

मामांनी दुकानात स्क्रू ड्रायव्हर ठेवलाच नव्हता. मागाच्या फणीत धागे वेगळे राहावेत म्हणून पोलादाच्या पातळ पात्या असतात, तसल्या जुन्या पात्या त्यांच्याकडे होत्या. मागावरच्या झिजलेल्या धोट्याच्या लाकडातून कोरलेल्या पाचरी होत्या. नव्या क्लिपा ते छत्रीच्या काड्या वाकवून करायचे. आणि एक सोलापुरी चादरीचा तुकडा, ज्याचा मूळ रंग कुणालाच आठवत नव्हता. तो गरम पाण्यातून पिळून पट्टीवर पसरायचा आणि मग बसून राहायचं. काही करायचं नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "मामा, आता वाट कशाची बघताय?"

"तिचं मन वळू द्या की," ते म्हणाले.

टोकाला ते कधी हात घालत नसत. मधली क्लिप आधी, मग तिच्या डावीकडची, मग उजवीकडची, टोकं अगदी शेवटी. "टोक हाताला लागलं की मानूस वडतोच," ते म्हणायचे. "हाताची सवयच हाय ती. मधी वडायला जागाच न्हाई." काम सुरू झालं की पंखा बंद. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, आणि पंखा बंद. वाऱ्याने चादर वाळते म्हणे. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकायचा आणि पट्टी हलायला लागली की मामा तेलुगूत बोलायला लागायचे. घरची भाषा ती. "मेल्लगा... मेल्लगा..." म्हणजे हळू, हळू. कुणाला म्हणायचे, स्वतःच्या हाताला की पट्टीला, ते मला कधी कळलं नाही.

त्यांचा आणखी एक कायदा होता. जे परत बसवता येणार नाही ते काढायचं नाही. पुण्याहून एक तरुण आला होता, आजोबांची गाडी घेऊन. मोबाइल काठीला लावून सगळं शूट करत होता. त्याला निकेल नको होतं. सगळ्या पट्ट्या काढून गाडी काळी करायची होती. मामांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं.

"काढून ठेवनार कुटं?"

"ठेवायच्या कशाला काका? भंगारात."

"मग न्हाई काढत."

"अहो, पण गाडी माझी आहे!"

"गाडी तुमची हाय की. हात माजा हाय," मामा म्हणाले आणि चहा मागवला. त्या पोराने नंतर तेवढंच इंटरनेटवर टाकलं. म्हणे ते लई लोकांनी बघितलं. मामांना मी दाखवायला गेलो तर म्हणाले, "माजा आवाज असा बायकी हाय व्हय?" आणि विषय बंद.

आता सुतकाची गोष्ट.

कितीही जपलं तरी जुना धातू कधी ना कधी दगा देतोच. माझ्याच गाडीचा मोनोग्राम काढताना झालं ते. एक अक्षर निघालं, दुसरं निघालं, तिसऱ्याला मामा पातीच्या आडून नायलॉनचा धागा घालून मागची चिकटण कापत होते आणि 'टक्' असा बारीक आवाज झाला. अक्षराचा वरचा अर्धा भाग त्यांच्या तळहातात. मामांनी तो तुकडा फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला, पाती खाली ठेवली, उठले, पिंपाशी गेले आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून तांब्या ओतून घेतला. मग दुसरा. मग तिसरा. मी उडालोच. "कुणाचा फोन आला का? कुणी गेलं का?" मी विचारलं.

"कोन जातंय," आतून मामींचा आवाज आला. "पट्टी मोडली आसंल. ह्यांना सुतक येतंय."

लांबच्या नातेवाइकाचं नुसतं आंघोळीचं सुतक असतं ना, तसं. मामा ओल्या कपड्यांनी उंबऱ्यावर बसून राहिले आणि त्या दिवशी पुन्हा कुठल्याच गाडीला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तो तुकडा मागून पितळेची बारीक काडी देऊन असा जोडला की तो कुठे मोडला होता ते आज मलाही दाखवता येणार नाही. मला हे सगळं त्या वेळी नाटक वाटलं होतं. हसलोही होतो.

मामींना त्यात नाटक दिसत नव्हतं, फक्त पाणी दिसत होतं. आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. "नळ आला न्हाई अजून आन् तुमी सुतक फेडताय!" त्या ओरडायच्या. "उद्या भांडी कशात घासू, तुमच्या निकेलात?"

मामी विड्या वळायच्या. आमच्या पूर्व भागात अर्ध्या घरांत बायका विड्या वळतात, पण मामींचा हात वेगळाच होता. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याने डोळे मिटले तर एक विडी हुकेल. नवऱ्याचा शब्द 'मेल्लगा', तर हिचा 'तोंदरगा'. म्हणजे लवकर. चहा उकळत असला की 'तोंदरगा', शेजारणीची गोष्ट लांबली की 'तोंदरगा', नळ यायची वेळ झाली की सगळ्या बोळाला 'तोंदरगा'. मला त्या 'वरातवाले' म्हणायच्या. "ह्यांची एक पट्टी निघंस्तोवर माजा हजार विड्यांचा मेळ बसतो, वरातवाले. देवानं गाठ मारताना बघितलं न्हाई." आणि मग स्वतःच हसायच्या. मामा पट्टीवरून मान न उचलता म्हणायचे, "बघून मारली. दोगंबी घाईचे आसते तर घर पेटलं आसतं." एवढं लांब वाक्य ते फक्त बायकोशी बोलताना बोलायचे.

मामींना साखर होती. गोळ्या चालू होत्या, मधून मधून बंदही होत्या. साखरेच्या माणसाला तळपायाला काही समजत नाही. एक दिवस त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम दिसली, दिसली तेव्हा ती जुनीच होती. कशाने झाली कुणालाच कळलं नाही. मामी म्हणाल्या, पानं कापायची कात्री पडली असेल. शेजारीण म्हणाली, चपलेचा खिळा. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा मामा दोरीला बांधलेलं चुंबक दुकानाच्या फरशीवरून इंच इंच फिरवत होते, आणि गंजलेल्या जुन्या क्लिपा त्याला चिकटून येत होत्या. त्यांच्यापुरतं उत्तर त्यांना मिळालं होतं. त्यानंतर रोज दुकान बंद करताना ते चुंबक फिरवायचे आणि खिळ्याला टांगून ठेवायचे.

सुरुवातीला ते मामींना ड्रेसिंगला दवाखान्यात न्यायचे. तिथे रांग मोठी, काम करणाऱ्याला उसंत नाही. त्याने आपलं रोजचं केलं, चिकटपट्टीचं टोक धरलं आणि सर्रकन ओढली. घोट्याजवळची कातडी पट्टीबरोबर आली. मामींना पायात काही कळत नव्हतं, पण घोट्याला कळलं. मामांनी त्या माणसाचा हात धरला.

"टोकाकडनं वडायची नसती," ते म्हणाले.

"काका, मागे किती लोक आहेत बघा."

मामांनी मागे बघितलं नाही. त्या दिवसापासून पट्टी त्यांनी घरीच बदलली. आपल्याकडे गाडीच्या निकेललाही पट्टीच म्हणतात आणि जखमेवर बांधतात तिलाही पट्टीच. मामांच्या हाताने या दोघींत काही फरक केला नाही. मी स्वतः बघितलंय. पंखा बंद. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं पिळून पट्टीवर ठेवायचं आणि बसून राहायचं. मग मधून सुरुवात, टोकं शेवटी. "मेल्लगा... मेल्लगा..." मामी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असायच्या आणि वरून म्हणायच्या, "तोंदरगा हो! पाय हाय, मोटार न्हाई." एक केस उपटला जायचा नाही. जखमेला रक्त यायचं नाही. बोळातल्या बायका बघायला यायच्या आणि म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मीही म्हणालो होतो.

आणि मी खोटं सांगत नाही, वरून जखम खरंच स्वच्छ दिसायची. घाण आत होती.

अंगठा काळा पडला तेव्हा मी दोघांना गाडीत घालून सात रस्त्याच्या पलीकडे एका सर्जनकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. खुर्ची ओढून मामांच्या समोर बसला. बोटं गेली आहेत, विष वर चढतंय, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, मग जीव वाचेल, असं त्याने न घाबरवता पण स्पष्ट सांगितलं. "उद्या सकाळी घेऊन टाकू," तो म्हणाला.

मामांनी विचारलं, "घाई हाय का?"

डॉक्टरला बिचाऱ्याला काय माहीत. त्याने खरं तेच सांगितलं.

"हो काका. खूप घाई आहे."

मामा उठले. मामींच्या काखेत हात घातला. "मग आमी दुसरीकडं बगतो," ते म्हणाले.

दुसरीकडे ते कुठेच गेले नाहीत, घरी आले. मी त्यांच्याशी त्या उंबऱ्यावर बसून भांडलो. आयुष्यात मी कुठल्या मोठ्या माणसाशी इतक्या वरच्या आवाजात बोललो नव्हतो. "मामा, ही गाडी नव्हे! डॉक्टर काय बोलला ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. काढतो म्हनला." ते हातातली पाती बनियनला पुसत होते. "काढायला काय लागतंय मालक? काढायला कुनालाबी येतंय. परत बसवता येतो का त्याला? इचारा."

"परत बसवायचा नसतोच तो!"

"मग कशाला काढायचा?"

मामी आतून सगळं ऐकत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या भिंतीला धरत दारापर्यंत आल्या. ताप होता, डोळे लाल झाले होते, पण आवाज तोच.

"काढा म्हनावं," त्या म्हणाल्या. "विड्या काय मी पायानं वळती का? हात हायत की दोन. काढू द्या त्याला. तोंदरगा काढू द्या."

मामा तिच्याकडे बघत राहिले. नवऱ्याने बायकोकडे बघावं तसं नाही, पट्टीकडे बघायचे तसं, कुठून धरायची ते ठरवताना. "मन वळंल तिचं," ते मला म्हणाले. तिचं म्हणजे जखमेचं. "जरा दम काढा. लवकर लवकर करून कुटं काय बरं झालंय?"

मला तेव्हा कळलं की या माणसाला काही सांगता येणार नाही. आजवर ज्यांनी ज्यांनी त्याला घाई केली त्यांनी काहीतरी मोडलं होतं, आणि जे जे त्याने सावकाश केलं ते ते शाबूत निघालं होतं. सगळ्या जन्माचा अनुभव त्याच्या बाजूने होता. माझ्याकडे काय होतं? एका डॉक्टरचं एक वाक्य. मामांची भिवंडीला दिलेली मुलगी फोन करायची, मामा तिला सांगायचे, उतार पडतोय. मी तिला खरं कळवलं. ती येते म्हणाली, निघालीही.

ती पोचायच्या आधी, भर दुपारी मामा माझ्या दारात उभे राहिले. पायात चपला नव्हत्या. इतक्या वर्षांत ते कधी माझ्या घरी आले नव्हते. घर कुठलं ते विचारत आले असणार.

"मालक, गाडी काढा," ते म्हणाले. "घाई हाय."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. दुसरी गाडी बघायला वेळ नव्हता. आदल्या दिवशीच्या वरातीचा झेंडू अजून माझ्या गाडीच्या पट्ट्यांत अडकून सुकत होता, पुढच्या काचेवर नवरा-नवरीची नावं होती. तशाच गाडीत आम्ही मामींना मागच्या सीटवर आडवं केलं. मामा खाली, दोन सीटांच्या मधे, गुडघ्यांवर बसले आणि तिची टाच त्यांनी तळहातावर तोलून धरली. पायाचा वास गाडीभर पसरला होता. रस्त्याला नेहमीसारखे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मामा मागून म्हणायचे, "मेल्लगा मालक, मेल्लगा." आणि मामी ग्लानीत होत्या, डोळे मिटलेले, पण ओठ हलत होते. आरशात बघत मी कान दिला. "तोंदरगा," त्या म्हणत होत्या. "तोंदरगा."

मी मामींचं ऐकलं. सात रस्त्याला सिग्नल लाल होता, तोही मोडला. हवालदाराने हात केला, मग झेंडू बघून हसला आणि सोडून दिलं. त्याला वाटलं असेल, मुहूर्त टळतोय.

डॉक्टरने चादर उचलून पाय बघितला आणि पुन्हा झाकला. त्याने मामांना एका शब्दानेही दोष दिला नाही. मला तो द्यावासा वाटत होता. आता काढून उपयोग नाही, तो म्हणाला, विष रक्तात गेलं. तरी दवाखान्यात करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. मुलगी आली तेव्हा मामी शुद्धीवर नव्हत्या, आणि पुन्हा आल्याच नाहीत.

मला मामांचा राग आला होता. अजून येतो. गाडी धुताना, त्यांनी बसवलेल्या पट्टीवरून फडकं फिरवताना तो मधेच उफाळून येतो, आणि मग मी फडकं बादलीत आपटतो. जिवंत राहिली असती ती बाई. एका पायाने राहिली असती, पण सूप मांडीवर घेऊन बसली असती आणि सगळ्या बोळाला ओरडली असती. पण राग धरायचा तर समोर माणूस तरी धड असावा लागतो. अंत्यविधीला मामा इतके नीट, इतके शांत वागले की मुलगी घाबरली. दिवसकार्य झालं. तिने भिवंडीला चला म्हणून खूप विनवलं. "हितं गाड्या पडल्यात की," ते म्हणाले. तेव्हा दुकानात एक गाडी होतीही, कुणा करकंबच्या बागायतदाराची. तिचं काम त्यांनी पुरं केलं.

त्यानंतर मात्र 'घाई हाय का' हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. मी एकदा सवयीने आत शिरता शिरता म्हणून गेलो, "घाई नाही हं मामा." ते दचकले. हातातली पाती खाली पडली. "आसं म्हनू नगा मालक," ते म्हणाले. "घाई करा. करत जावा." नंतर त्यांनी माझं काम केलं, पण पट्टी हातात धरली की त्यांना कुठून सुरुवात करायची ते कळेना. मध्यावर बोट ठेवायचे, मग टोकाकडे न्यायचे, मग परत मध्यावर. शेवटी मीच म्हणालो, राहू द्या, पुढच्या लग्नसराईला बघू. हळूहळू लोकांनी गाड्या आणणं सोडलं.

मागच्या आठवड्यात मी त्या बोळातून चाललो होतो. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, माग चालू होते. मामा पिंपाशी उभे होते. अंगावरच्या बनियन-पायजम्यासकट तांब्या भरून डोक्यावर ओतून घेत होते. मला बरं वाटलं. मोडली म्हणजे काम तरी आलं असेल, असं मनात आलं.

मी गाडी बाजूला घेतली, उतरलो. "मोडली का मामा?"

"व्हय," ते म्हणाले. "मोडली की."

मी दुकानात डोकावलो. आत गाडी नव्हती. बाकावर पट्टी नव्हती. फरशी झाडलेली, चुंबक खिळ्याला टांगलेलं. शेजारीण दारातून बघत होती. जवळ येऊन ती मला हळूच म्हणाली, "रोजचंच हाय हे. आमच्या वाटचं पानी आमी त्या पिंपात वतून ठेवतो. काय करनार?"

मी दोरीवरचा टॉवेल काढून मामांच्या पुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. पिंपाच्या तळाशी तांब्या खरवडला, तो अर्धाच भरला.

"ऱ्हाऊ द्या मालक," ते म्हणाले. "अजून फिटलं न्हाई."